स्पिनला मशीन धडधडतंय? आधी कपड्यांचा गोळा सोडवा

स्पिन सुरू झालं की मशीन धडधडतं, थांबतं, पुन्हा पाणी घेतं आणि शेवटची दहा मिनिटं काही संपत नाहीत. बहुतेक वेळा बिघाड नसतो, वजन एका बाजूला गेलेलं असतं.

१. मशीन पॉज करा. ड्रम पूर्ण थांबला की झाकण उघडा.

२. चादर हमखास बाकीच्या कपड्यांना गुंडाळून घट्ट गोळा करते. उशीचे अभ्रे, मोजे तिच्या पोटात सापडतात. सगळं सोडवून, झटकून ड्रममध्ये चहूबाजूंनी पसरा.

३. एकच जड कपडा असेल, उदाहरणार्थ जीन्स किंवा बाथमॅट, तर सोबत दोन-तीन ओले टॉवेल टाका. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच उपाय.

४. पूर्ण सायकल पुन्हा नको, फक्त स्पिन लावा.

तरीही धडधडलं तर रिकाम्या मशीनचे समोरासमोरचे कोपरे दाबून पाहा. डुगडुगत असेल तर त्या कोपऱ्याखालचा पाय फिरवून जमिनीला टेकवा आणि त्या पायाचा नट घट्ट करा.

रेनकोट, वॉटरप्रूफ गादीकव्हर मात्र स्पिनला कधीच टाकू नका. त्यात पाणी अडकतं आणि मशीन जोरात उसळू शकतं.