पॉवरलाइन अडॅप्टर लावताय? या चुका टाळा

वरच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून लोक पॉवरलाइन अडॅप्टर आणतात आणि थेट स्पाइक गार्डमध्ये खुपसतात. अडॅप्टरची जोडी असते, एक राउटरजवळ, दुसरा वरच्या खोलीत. दोघं घरच्या वायरिंगमधूनच २ मेगाहर्ट्झच्या वरच्या सिग्नलांनी नेट पाठवतात, आणि फिल्टरवाला स्पाइक गार्ड नेमके तेच गाळून टाकतो. अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. जागा नसेल तर टीव्ही हलवा.

आता त्रिमूर्तीनगरातलं असेच अडॅप्टर लावलेलं एक दुमजली घर ऐका. मे महिना. "दुपार झाली का नेट तुटते, भाऊ." राउटर बदलून झाला, प्लॅन वाढवून झाला, इंटरनेटवाल्याशी भांडणही झालं. राउटरला ऊन लागते, असं काकूंचं ठाम मत. मी वरच्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग (सिग्नल पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) लावून ठेवला आणि घरातलं एकेक उपकरण बंद करत गेलो. फ्रीज, टीव्ही, काही फरक नाही. कूलर बंद केला आणि पिंग सुतासारखा सरळ! दोष कूलरचाही नव्हता, त्याला लावलेल्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा होता. वेग कमी करायला तो विजेची लहर सेकंदाला १०० वेळा कापतो आणि तो सगळा गोंगाट त्याच तारेत सोडतो. कूलर दुसऱ्या लाइनवर घेतला, काम झालं. स्वस्तातले मोबाइल चार्जरही हाच उद्योग करतात. पण पिंग बघत बसायला धीर लागतो, तो कोणाला आहे? नवा राउटर मागवणं सोपं.

लाईट गेली की नेट जातं? एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि दुसरा साध्या पॉइंटवर असणार. दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

डब्यावरच्या ६०० एमबीपीएसला भुलू नका, अशा कित्येक अडॅप्टरचा लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, १०० एमबीपीएसचाच असतो. तिसरी पिन तोडू नका. जोडी आधी एकाच खोलीत जुळवा, मग वर न्या. फ्लॅटमध्ये तर पेअरचं बटण दाबल्याशिवाय वापरूच नका, कंपनीची डीफॉल्ट की, म्हणजे आधीच भरलेला पासवर्ड, शेजाऱ्याच्या अडॅप्टरलाही चालते.

थ्री फेज घरात दोन टोकं वेगळ्या फेजवर आली तर लिंक रडतखडत चालते. वायरमनकडून फेज तपासून घ्या, आणि जमत नसेल तर सरळ कॅट-६ (नेटची) केबल ओढा. फक्त ती विजेच्या तारांच्याच पाइपातून घालायचा शॉर्टकट त्याला मारू देऊ नका.