नव्या विमा एजंटासाठी : रेशनकार्डाच्या पिशवीतला कागद

माझ्या थोरल्या मुलीनं यंदा विमा एजंटाची परीक्षा दिली. पास झाली त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "पप्पा, सुरुवात कुठून करू?" मी २००३ पासून सांगलीत हे काम करतोय. तिला तोंडी जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो, तिच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

परीक्षेचं दडपण घेऊ नका. दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण, एवढी अट आहे. प्रशिक्षण आता २५ तासांचं आहे, माझ्या वेळी १०० तासांचं होतं. पेपर मराठीतून देता येतो. पुस्तक दोनदा मन लावून वाचलं की होतं. खरं शिक्षण त्यानंतर, लोकांच्या सोप्यात चहा पीत बसल्यावर सुरू होतं.

पहिला फॉर्म स्वतःचा भरा

दुसऱ्याला सांगायच्या आधी स्वतःची पॉलिसी काढा, आणि तीही टर्म, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारी. वर्षाच्या कमाईच्या निदान दहा पट आणि वर घराचं कर्ज असेल तर तेवढं, हा माझा साधा हिशोब. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळं हप्ता अजून आवाक्यात आलाय.

टर्मचा हप्ता कमी, म्हणून आपलं कमिशनही कमी. तरीसुद्धा समोरच्याच्या घरात लहान मुलं असतील तर पहिल्यांदा टर्मच सांगायची. पैसे परत देणाऱ्या योजना नंतर. लोक म्हणतात, "काय झालं न्हाई तर आमचं पैसं बुडलंच की वो!" तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराला मी विचारतो, "दादा, गेल्या साली औषधं मारली आणि द्राक्षावर डाऊनी रोग आलाच नाही, तर औषधाचं पैसं बुडलं म्हणता का?" त्यानंतर पुढं फार समजावून सांगावं लागत नाही.

आणि मार्केट यार्डातले हमाल, बेदाणा शेडवर निवडायला जाणाऱ्या बायका, यांना मोठा हप्ता झेपत नसेल तर बँकेत पाठवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण आहे. नाव १८ ते ५० वयात घालता येतं. सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. यात आपल्याला एक रुपया सुटत नाही, तरी सांगायचं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, हेही सांगायचं. त्या वेळी खातं रिकामं असलं की पैसे कटत नाहीत आणि विमा तिथंच थांबतो.

"नाही" लिहिण्याआधी

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि मला ते फार महागात पडून कळलं. मला म्हणजे माझ्या हातून दुसऱ्याच्या घराला.

२००६ साली एका द्राक्षबागायतदाराचा फॉर्म भरत होतो. वय ४४. मिरजेच्या डॉक्टरकडून चार वर्षं साखरेची गोळी चालू होती. ते म्हणाले, "गोळी हाय, पण ते कशाला लिव्हताय, हप्ता वाढंल." महिनाअखेर होती, मला ते काम पुरं करायचं होतं. मधुमेहाच्या रकान्यात मी "नाही" लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

दीड वर्षानं ते हार्ट अटॅकनं गेले. इतक्या लवकर क्लेम आला की कंपनी चौकशी करते, तशी झाली. मिरजेचे कागद निघाले. क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र घरी आलं, सोबत फॉर्मची झेरॉक्स. वहिनींना वाचता येत नव्हतं, आठवीतला मुलगा वाचून दाखवत होता. त्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. "हे कुणी लिवलंय?" मी सांगितलं, अक्षर माझं आहे. वहिनी काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत.

घरी येऊन हिशोब मांडला. "होय" लिहिलं असतं तर वर्षाला हजार-बाराशे रुपये जादा बसले असते.

म्हणून आजाराचे प्रश्न मोठ्यानं, एकेक करून, बायकोसमोर विचारा. नवरा विसरतो किंवा लपवतो, पण गोळ्यांचा डबा कुठं आहे ते बायकोला ठाऊक असतं. डबा मागवून घ्या, गोळीचं नाव वाचून लिहा. तंबाखू, दारू, जुनं ऑपरेशन, दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसी, सगळं लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं पॉलिसीला तीन वर्षं पुरी झाली की कंपनीला तिच्यावर कुठल्याही कारणानं बोट ठेवता येत नाही. या आधारावर "तीन वर्षं काढू की, कोण बघतंय" म्हणणारे एजंट भेटतील. मरण तीन वर्षं थांबत नाही, मी बघितलंय. त्यांच्या नादाला लागू नका.

"पहिला हप्ता तुम्हीच भरा, मग काढतो," असं म्हणणारं गिऱ्हाईकही भेटेल. कमिशनमधून सूट देणं कलम ४१ प्रमाणं गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. नमस्कार करून उठायचं.

हप्ता पिकाच्या पैशावर बांधा

पॉलिसी बंद पडते ती बहुतेक वेळा नको त्या महिन्यात हप्ता आल्यामुळं. पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते ती तारीख दरवर्षी येणार, म्हणून सुरुवातीलाच डोकं वापरा. द्राक्षवाल्याचा हप्ता ऑक्टोबरात बांधलात तर तो मेला. छाटणी झालेली असते, औषधांची उधारी चढत असते, हातात दमडी नसते. त्याचा हप्ता एप्रिल-मेमध्ये ठेवा, माल गेलेला असतो. बेदाणा करणाऱ्याला अजून महिना-दोन महिने द्या. हळदवाल्याचं पोतं मार्केट यार्डात सौद्याला येतं ते फेब्रुवारीनंतर. ऊसवाल्याला कारखान्याचं बिल विचारून घ्या. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले वर्षभर परमुलखात सोनं-चांदी गाळत असतात आणि गावच्या जत्रेला येतात. त्यांना जत्रेचा महिना. नोकरदाराला सरळ बँकेतून महिन्याला कटू द्या.

सवलतीचे दिवस तोंडपाठ पाहिजेत. महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस, तिमाही-सहामाही-वार्षिकला ३० दिवस. या दिवसांत माणूस गेला तरी क्लेम मिळतो, राहिलेला हप्ता वजा होतो. मुदत उलटली की मिळेलच असं नाही. कुणी रोख दिले तर त्याच दिवशी भरून पावती द्या. दुसऱ्याचा हप्ता माझ्या घरात रात्रभर राहू द्यायचा नाही, हा नियम बायकोनं घातला आणि तिनंच पाळायला लावला. हप्त्यांची वही पण तीच लिहिते. मोबाइलमध्ये आठवण लावता येते, पण वहीत "सुनेचं बाळंतपण, पुढच्या आठवड्यात फोन करा" अशी नोंद तिच्याच अक्षरात असते, ती माझ्या जास्त कामाला येते.

नॉमिनी

लग्नपत्रिका आली की आहेराच्या पाकिटासोबत नॉमिनी बदलायचा फॉर्म न्या. पोरगं कामाला लागलं की पॉलिसी काढतं, नॉमिनी आई असते. लग्न होतं, लेकरं होतात, कागदावर आई तशीच राहते. एका हमालाच्या घरी असंच झालं. आई त्याच्या आधीच वारलेली, नॉमिनी दुसरी कुणी नाही. बायकोला वारसाच्या कागदांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, अकरा महिने गेले. आई हयात असती तर वेगळाच पेच होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी जो नॉमिनी असेल, पैशावर हक्कही सहसा त्याचाच धरतात. नॉमिनी अज्ञान असेल तर पैसे घ्यायला मोठा माणूस नेमून द्यावा लागतो, तो रकाना मोकळा सोडू नका.

ज्यांचा धंदा कर्जावर चालतो, बेदाण्याचे व्यापारी वगैरे, त्यांना १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायला सांगा. ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. पण हे सुरुवातीलाच करावं लागतं, मागाहून जमत नाही.

कागद कुठं ठेवायचा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या माझ्या एका जुन्या काकूंकडे गेलो. तीन पॉलिसी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, त्यांचा लगदा झालेला. आम्ही पानं सुटी करून दोरीला चिमट्यानं लावली. शिक्क्याची निळी शाई सगळ्या पानावर पसरली होती, नंबर कुठं दिसतोय ते उन्हात धरून बघत होतो. डुप्लिकेट पॉलिसीसाठी हमीपत्र, स्टॅम्पपेपर, हेलपाटे, सगळं झालं.

मी काकूंना विचारलं, "पाणी आल्यावर काय घेऊन निघाला?" म्हणाल्या, "मंगळसूत्र आणि रेशनकार्डाची पिशवी."

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक कागद लिहून देतो. पॉलिसी नंबर, कंपनी, शाखा, रक्कम, नॉमिनी, माझा फोन आणि मी नसलो तर कुणाला फोन करायचा ते. मोठ्या अक्षरात, मराठीत. प्लॅस्टिकमध्ये घालून तो रेशनकार्डाच्याच पिशवीत जातो. घर सोडायची वेळ आली की माणूस जी पिशवी उचलतो, तीच विम्याची जागा. मूळ पॉलिसीचा फोटो नॉमिनीच्या मोबाइलमध्ये. हे माझ्यासमोर झाल्याशिवाय मी उठत नाही.

क्लेम

गेल्याचा निरोप आला की जायचं, हातात फाइल न घेता. मातीला जा, खांदा द्या, गप्प उभे राहा. रक्षाविसर्जन झालं की घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगा : मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, आणि नाव पॉलिसीवर आहे तसंच लागलं पाहिजे. आपल्याकडं आधारवर "बाबासो", पॉलिसीवर "बाबासाहेब" आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तिसरंच, असं सर्रास असतं. नोंद व्हायच्या आधी एक फोन केला तर दोन महिने वाचतात. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढायला सांगा.

बाकी कागद बाराव्यानंतर. मूळ पॉलिसी, दाखला, क्लेम फॉर्म, नॉमिनीचं आधार, पासबुक किंवा रद्द केलेला चेक. दवाखान्यात गेले असतील तर तिथले कागद. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट. फॉर्म तुम्हीच भरा, पण वाचून दाखवून सही घ्या. जमा केल्याची पोच मागा, त्यावर तारीख आणि शिक्का बघा.

क्लेम नाकारला आणि तो चुकीचा वाटला तर घरच्यांना सोडून पळू नका. आधी कंपनीकडं लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो. अर्ज लिहून देणं हे आपलं काम आहे, जरी ते प्रकरण आपल्याच कंपनीविरुद्ध असलं तरी.

घर

हे काम संध्याकाळी आणि रविवारी चालतं, कारण लोक तेव्हाच घरी असतात. म्हणजे आपण तेव्हाच घरी नसतो. पहिली सहा वर्षं माझी पोरं झोपल्यावर मी यायचो. धाकट्यानं शाळेत "माझे बाबा" निबंधात माझ्या गाडीचा आवाज लिहिला होता, चेहऱ्याबद्दल एक ओळ नाही. वही मिटून ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आठ ते साडेनऊ फोन बंद केला. त्यानं धंदा कमी झाला नाही. कुणी गेल्याचा निरोप असला तर तो बायकोच्या फोनवर येतो, गिऱ्हाइकांना तो नंबर मी स्वतः दिलाय.

आणि जे दुसऱ्याच्या घरी करता ते आपल्या घरी करा. दर गुढीपाडव्याला, गुढी उतरवायच्या आधी, मी बायको-पोरांना घेऊन आमची फाइल उघडतो. एका वर्षी कोरा क्लेम फॉर्म काढून बायकोला म्हणालो, "माझ्या नावानं भरून बघ, सराव म्हणून." ती उठून स्वयंपाकघरात गेली. "सणाच्या दिवशी असलं बोलू नका." पुढच्या वर्षी पण तेच. तिसऱ्या वर्षी तिनं पेन घेतलं, माझं नाव लिहिलं, नातं "पत्नी" लिहिलं, आणि तारखेच्या रकान्यापाशी थांबली. मी म्हणालो, तो मोकळा सोड.

यंदा फाइल तिनंच काढली. कागद एकेक चाळत शेवटच्या पाकिटातला रद्द केलेला चेक उजेडात धरला आणि म्हणाली, "हा चालणार नाही. बँकेचं नाव बदललंय, आयएफएससी पण बदलला असंल." मुलीनं कपाटातून नवं चेकबुक आणून दिलं.