दौऱ्याची बातमी आली, आता उद्यमबागेतल्यांनी काय करायचं?

पंतप्रधान किंवा मंत्री परदेशी गेले की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकच प्रश्न येतो, 'आपल्या कास्टिंगला (ओतीव मालाला) काय मिळालं?' माझी फाउंड्री इथलीच, म्हणून सांगतो.

भाषण राहू द्या, आधी सही कशावर झाली ते बघा. नुसता सामंजस्य करार असेल तर तिकडचं आयात शुल्क बदलत नाही. मुक्त व्यापार करार असेल तर दोन तारखा लिहून घ्या: सहीची आणि अंमलाची. मोदींच्या लंडन दौऱ्यात २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या, पण शुल्क सहीच्या दिवशी उतरत नसतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन यांच्याशी सही झाली १० मार्च २०२४ ला, अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून. मधल्या काळात उतरलेलं शुल्क धरून भाव दिलात तर मार्जिन गेलंच.

खरं काम एचएस कोडचं, म्हणजे कस्टम्ससाठी मालाची वर्गवारी सांगणाऱ्या आकड्यांचं. पहिले सहा आकडे जगभर सारखे. मॅनहोलचं बिडाचं झाकण ७३२५ मध्ये, मशिनिंग केलेली पंपाची केसिंग ८४१३ मध्ये. सीएचएला (कस्टम्सच्या एजंटला) ड्रॉइंग दाखवूनच कोड ठरवा, मग कराराच्या शुल्क तक्त्यात तीच ओळ शोधा. मूळ देशाचा नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते, पण वाचा, विशेषतः कच्चा माल बाहेरून येत असेल तर. ओरिजिन सर्टिफिकेट किंवा करारात चालणारा मूळ देशाचा दुसरा पुरावा नसेल तर गिऱ्हाइकाला सवलत मिळत नाही. आपली पोरं पुण्याला जातात ती इथं ऑर्डरी नाहीत म्हणून, तेव्हा एवढी मेहनत कराच.

आयईसी (आयात-निर्यात कोड) काढला असेल तर दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अपडेट करा, नाहीतर तो बंद पडतो.