वॉरंटी शिल्लक असताना रीमॅप: आधी हिशेब, मग लॅपटॉप

टर्बो पेट्रोल गाडीला वर्षही झालेलं नसतं आणि स्टेज 1 रीमॅपचा, म्हणजे भाग न बदलता फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवण्याचा, विचार डोक्यात घोळायला लागतो. एकही नट न खोलता, फक्त ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, मॅप (हवा, इंधन आणि ठिणगीचे आकडे) बदलून टर्बो इंजिनाची ताकद 15 ते 25 टक्क्यांनी वाढते. बिनटर्बो इंजिनात हाच उद्योग केला तर हाती जेमतेम 5 टक्के लागतात. त्यामुळे बिनटर्बो गाडीचा निर्णय इथेच संपला. त्यासाठी वॉरंटी पणाला लावू नका.

टर्बोमध्ये ही वाढ येते कुठून? कंपनीने मॅपमध्ये राखीव जागा ठेवलेली असते. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येण्याआधी साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची क्षमता, 91 होता. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर जातो. अशा उन्हात चार माणसं, डिकीभर सामान आणि चालू एसी घेऊन घाट चढताना इंजिनाने नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) करू नये, याची तजवीज त्या राखीव जागेत असते. रीमॅप हीच तजवीज खर्च करतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी कितीही छान वाटलं तरी मॅपची परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते.

पहिला प्रश्न: वाढलेला टॉर्क कुठे जाऊन पडतो?

लोक हॉर्सपॉवर विचारतात, भाग मात्र टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, तुटतात. फोक्सवॅगन व्हर्टुस, टायगुन आणि स्कोडा स्लाव्हिया, कुशाक या गाड्यांचं उदाहरण घ्या. 1.0 टीएसआय इंजिन 115 पीएस आणि 178 न्यूटन-मीटर देतं. त्याच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते. 1.5 टीएसआय देतं 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर, आणि त्याच्या ऑटोमॅटिकमध्ये येतो 7 गिअरचा ड्राय क्लच (तेलाविना चालणाऱ्या दोन क्लचचा) डीएसजी, म्हणजे डीक्यू200. या गिअरबॉक्सची मर्यादाच 250 न्यूटन-मीटर आहे. म्हणजे शोरूममधून निघतानाच तो काठोकाठ भरलेला असतो. त्यावर आणखी 40-50 न्यूटन-मीटर चढवले की क्लच घसरायला, तापायला लागतो. ट्रॅफिकमध्ये गाडी थरथरते आणि शेवटी क्लच पॅक किंवा मेकॅट्रॉनिक्सचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचं) काम निघतं. हे काम लाखाच्या घरात जातं.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. 1.5 डीएसजीवर टॉर्क वाढवणारा मॅप वॉरंटी असताना करू नका, संपल्यावरही करू नका. 1.5 मॅन्युअलमध्ये सगळ्यात आधी क्लच प्लेट हार मानते, पण ती झिजणारी वस्तू आहे आणि खर्च आवाक्यात राहतो. 1.0 ऑटोमॅटिकला टॉर्कच्या बाबतीत त्यातल्या त्यात जास्त मोकळीक आहे. तुमची गाडी दुसरी असली तरी हेच विचारा: गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा किती, आणि इंजिन आजच तिच्या किती जवळ आहे?

सर्व्हिस सेंटरला कसं कळतं

"परत स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल टाकून देऊ, कुणाला कळणार नाही" हे रीमॅप करणाऱ्या ट्यूनरच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. त्यावर विसंबू नका.

ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरला दोन ओळखी असतात: कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन, म्हणजे त्या फाइलची पडताळणी करणारा आकडा. हजारभर रुपयांचा ओबीडी डोंगल (गाडीच्या निदान सॉकेटमध्ये बसणारं उपकरण) आणि मोबाइल ॲप असलं तर मोड 09, म्हणजे गाडीच्या माहितीच्या विभागात, या दोन्ही तुम्हालाही दिसतात. मॅप बदलला की सीव्हीएन बदलतो. स्टॉक फाइल परत टाकली की तो पूर्ववत होतो, हे खरं. पण बहुतेक आधुनिक ईसीयूंमध्ये प्रत्येक लेखनाची वेगळी मोजणी असते आणि तो आकडा मागे जात नाही. कंपनीच्या नोंदीत दोनदा लिहिलेला ईसीयू प्रत्यक्षात चारदा लिहिलेला दिसला की विषय संपतो. फोक्सवॅगन गटात अशा गाडीवर टीडी1 असा, म्हणजे बदल सापडल्याचा, शेरा पडतो. तो चेसिस नंबरला चिकटतो, त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलात तरी तो तिथे दिसतो.

ट्यूनिंग बॉक्सचा मार्ग वेगळा आहे. तो बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि फ्युएल रेल प्रेशरच्या (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाच्या दाबाच्या) सेन्सरमध्ये मध्यस्थ म्हणून बसतो आणि ईसीयूला खरा दाब कमी करून सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. लेखनाची मोजणी वाढत नाही, म्हणून लोक बॉक्सला सुरक्षित समजतात. पण ईसीयूचा इंधनाचा हिशेब चुकीच्या आकड्यांवर चालतो, फ्युएल ट्रिम (इंधनाच्या मात्रेत ईसीयू करतो त्या दुरुस्त्या) सरकतात, आणि फॉल्ट आला की त्या क्षणाचे सगळे आकडे फ्रीझ फ्रेममध्ये साठतात. पी0234 हा ओव्हरबूस्टचा कोड तिथे सापडला तर बॉक्स घरी कपाटात असून उपयोग नाही. शिवाय इंजिन उघडल्यावर तुटलेला भागही बोलतो. कमी आरपीएमवर जास्त भार टाकल्यामुळे अवेळी पेट घेतलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फुटते. अनुभवी तंत्रज्ञ ती बघून कारणाचा अंदाज बांधतो.

दावा करायला जाताना बॉक्स काढून ठेवणं ही फसवणूक आहे. बदल केला असेल तर तो मान्य करूनच बोला.

हिशेब कसा मांडायचा

वॉरंटी पुस्तिका घ्या आणि "काय समाविष्ट नाही" हे प्रकरण वाचा. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचं पुस्तक वेगळं असतं, अटीही बहुधा जास्त कडक असतात. दोन गोष्टी शोधा. बदलामुळे झालेलं नुकसानच वगळलंय, की बदल केल्याबरोबर संपूर्ण वॉरंटी रद्द म्हटलंय? आणि सॉफ्टवेअरचा वेगळा उल्लेख आहे का?

मग सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन आपल्या चेसिस नंबरवर पाच किमती विचारा: टर्बो, हाय प्रेशर पंप, इंजेक्टरचा सेट, क्लच किंवा गिअरबॉक्सचं मुख्य युनिट, आणि अर्धं इंजिन, ज्याला ते शॉर्ट ब्लॉक म्हणतात. मजुरीही विचारा. समजा बेरीज साडेपाच लाख आली आणि वॉरंटीचे 22 महिने उरलेत. या काळात यातलं मोठं काही बिघडण्याची शक्यता तुम्ही शंभरात चार धरलीत, तर घाईची किंमत झाली जास्तीत जास्त 22,000 रुपये. रीमॅपचे पैसे यात धरू नका, ते आज द्या की 22 महिन्यांनी, तेवढेच.

22,000 हा आकडा किरकोळ वाटेल. पण सरासरी बिल कुणालाच येत नाही; येतं ते शून्य किंवा लाखांत. म्हणून खरा प्रश्न असा: उद्या दीड-दोन लाखांचं बिल आलं तर ते कर्ज न काढता भरता येईल का? नाही म्हणत असाल तर थांबा. गाडी हप्त्यावर असेल तर आमच्या मते हा विषयच पुढे ढकला.

वॉरंटी असताना काय करता येतं

टायर, मूळ मापाचे चांगले ब्रेक पॅड, अलाइनमेंट, वेळेआधी ऑइल. यांनी इंजिनाचा टॉर्क बदलत नाही, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात एपीआय एसपी दर्जाचं ऑइल कमी आरपीएमवरच्या त्या अवेळी पेटीपासून संरक्षण देतं. मात्र पुस्तिकेत कंपनीचा स्वतःचा मानक क्रमांक दिलेला असेल तर आधी तो जुळला पाहिजे. बिलं जपा.

एअर फिल्टरबद्दल मात्र सावध. तेल लावायचा कापडी फिल्टर धुऊन जास्त तेल लावला की ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि तीन हजारांच्या हौसेपायी सेन्सरची वॉरंटी वादात जाते. स्टॉक मॅपवर त्याचा फायदा जाणवण्याइतका नसतोच.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि बीएस6 डिझेलमधला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढणं, या दोन्हींकडे वळूच नका. कन्व्हर्टर काढला की पी0420 कोड येतो, दोन्ही गोष्टी प्रदूषणाच्या बाबतीत बेकायदेशीर आहेत, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल कलम 52 मध्ये येतात. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलं. विनापरवाना बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. विम्याचं प्रकरण आणखी वेगळं: बदल कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो.

तरीही करायचं ठरलं तर

आधी गाडी निरोगी आहे याचा पुरावा तयार करा. कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएनचे स्क्रीनशॉट काढा. फॉल्ट कोड वाचा. एकही शिल्लक असेल तर पुढे जाऊ नका. मग बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये 2,000 ते 5,500 आरपीएम असा लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हे स्कॅन साधन यासाठी पुरतं. लॉगमध्ये पाच रकाने हवेत: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेल प्रेशर आणि प्रत्येक सिलिंडरमधलं नॉक करेक्शन, म्हणजे नॉकिंग टाळायला ईसीयूने ठिणगी किती डिग्री मागे घेतली ते.

रीमॅपनंतर तोच लॉग, तेच पेट्रोल आणि तोच गिअर. नॉक करेक्शन अधूनमधून 2-3 डिग्री दिसलं तर घाबरायचं कारण नाही. सगळ्या सिलिंडरमध्ये 4-5 डिग्री टिकून राहिलं तर मॅप तुमच्या पेट्रोलसाठी जास्त आक्रमक आहे, तो परत पाठवा. मागितलेलं रेल प्रेशर गाठलं जात नसेल तर पंप दमलाय. हवेचं तापमान 60 च्या वर रेंगाळलं तर उन्हाळ्यात पाय आवरा. हा लॉग मे महिन्यात पुन्हा घ्यायचाच.

ट्यूनरला जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा मॅप मागितलात तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर ते पेट्रोल मिळतं का ते आधी बघा. कोकणात उतरल्यावर आडगावच्या पंपावर साधंच मिळणार असेल तर साध्या पेट्रोलचा मॅप घ्या, 5-7 पीएस कमी मिळाले तरी चालतील. टॉर्क 2,000 आरपीएमच्या खाली अंगावर येऊ देऊ नका, असं ट्यूनरला लेखी सांगा. पिस्टन तिथेच फुटतात. आणि सर्व्हिसला गाडी देण्याआधी लक्षात ठेवा की कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आलं तर रीमॅप पुसला जातो. पुन्हा टाकायचे पैसे लागतील का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

दावा नाकारला तर

भारतात "बदल केला म्हणजे सगळी वॉरंटी गेली" याविरुद्ध थेट कायदा नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावर सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या कामाने झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारा. पण तो आदेश दुरुस्तीबद्दल होता आणि पुढे अपिलात गेला. रीमॅपसाठी त्याची ढाल होईल असं समजू नका.

मात्र रीमॅप केलेल्या गाडीची पॉवर विंडो बिघडली आणि तरीही नकार आला, तर तिथे भांडायला हरकत नाही. तोंडी उत्तर घेऊ नका. जॉब कार्डवर किंवा ईमेलने नकाराचं कारण मागा: कोणता भाग, कोणता फॉल्ट कोड, आणि बदलाशी त्याचा तांत्रिक संबंध काय. स्कॅन रिपोर्टची प्रत घ्या आणि जुना भाग ताब्यात मागा. मग कंपनीच्या ग्राहक कक्षाला पत्र, त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि वकील लावणं सक्तीचं नाही. तिथे रीमॅपआधीचे स्क्रीनशॉट, दोन्ही लॉग आणि ऑइलची बिलं तारखेच्या क्रमाने जोडा.