कंपनीच्या खर्चाने पदवी: अर्जापूर्वी काय तपासावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत आयटीआय अथवा डिप्लोमाच्या बळावर नोकरीला लागलेल्या अनेकांची बढती पुढे पदवीपाशी येऊन अडते. काही कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या पुढील शिक्षणाची फी पूर्ण किंवा अंशतः भरण्याची तरतूद असते, परंतु तिची माहिती स्वतःहून कोणी देईलच असे नाही. म्हणून सर्वप्रथम एचआर विभागाकडून त्या धोरणाची लेखी प्रत मागून घ्यावी, कारण साहेबांनी तोंडी दिलेला होकार अकाउंट्स विभागात चालत नाही.

प्रत हाती आल्यावर किती रक्कम मिळणार यापेक्षा ती केव्हा मिळणार, हे आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी फी कर्मचाऱ्याने स्वतः भरायची आणि निकाल लागल्यावर पावती व गुणपत्रिका जोडून परतावा मागायचा, अशी पद्धत असते. समजा, वर्षाची फी ४०,००० रुपये आहे आणि कंपनी निम्मी रक्कम देते. तरीही प्रवेशाच्या वेळी पूर्ण ४०,००० रुपयांची सोय आपल्यालाच करावी लागेल आणि त्यातले २०,००० परत यायला वर्ष उलटू शकते. एखाद्या विषयात एटीकेटी लागल्यास परतावा थांबतो की पुढे ढकलला जातो, तसेच परीक्षा शुल्क आणि पुस्तके यांचा समावेश आहे की नाही, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

खरी मेख असते ती बॉंडमध्ये. शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडल्यास रक्कम परत करीन, असा हा करार असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र हा काळ प्रत्येक परताव्यापासून मोजला जाणार की पदवी मिळाल्यापासून, हे स्पष्ट लिहिलेले असावे. कंपनीने एकूण ९०,००० रुपये दिले, बॉंड तीन वर्षांचा आहे आणि दोन वर्षांनी राजीनामा दिला, तर वसुली उरलेल्या एका वर्षापुरती, म्हणजे ३०,००० रुपयांची होणार की सगळ्या ९०,००० रुपयांची, हे एकाच वाक्यावर ठरते. ते वाक्य करारात नसेल तर सही करण्यापूर्वी घालून घ्यावे. कंपनीनेच कामावरून कमी केल्यास वसुली होणार नाही, हेही लिहून घ्यावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधी मसुदा नीट वाचणे केव्हाही स्वस्त पडते.

अभ्यासक्रम निवडताना त्याची मान्यता तपासावी. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे नोकरदारांचे नेहमीचे पर्याय आहेत. तरीही आपला नेमका अभ्यासक्रम त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत आहे का, हे पाहून मगच पैसे भरावेत. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने घेता येत नाही, त्यामुळे घरबसल्या बीटेक देणाऱ्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करावे. डिप्लोमाधारकांनी नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी असलेले महाविद्यालय शोधावे.

कराचा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कंपनीने भरलेली फी करपात्र लाभ म्हणून पगारात धरली जाऊ शकते, म्हणून ती वेतनपत्रकात कशी दाखवली जाणार हे अकाउंट्समध्ये विचारावे. मुलांच्या फीवर जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावट स्वतःच्या फीवर मिळत नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतल्यास मात्र त्याच पद्धतीत व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते.

अर्ज एका पानात बसवावा आणि प्रवेश घेण्यापूर्वी द्यावा. मंजुरीआधी भरलेली फी अनेक धोरणांत ग्राह्य धरत नाहीत. या पदवीचा कंपनीला काय उपयोग, हे नेमकेपणाने लिहावे: मशीन शॉपमधील सुपरवायझरने बीकॉमसाठी अर्ज केला, तर कॉस्टिंग किंवा खरेदी विभागात जाण्याची तयारी त्यात दिसली पाहिजे. लहान फाउंड्रीत धोरण नसते, तिथे हाच कागद थेट मालकांपुढे ठेवावा; पूर्ण फी शक्य नसेल तर बिनव्याजी उचल आणि पगारातून हप्ते, असा पर्याय सुचवावा. रात्रपाळी असणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवसांत जनरल शिफ्ट मिळण्याची मागणी त्याच अर्जात करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.