डाएट बदलताना कार्ब्स परत कसे आणावेत

कीटो (कर्बोदके, म्हणजे कार्ब्स, जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार) किंवा लो-कार्ब पद्धतीने वजन उतरवलेल्या माणसाला केव्हातरी भात, ब्रेड, बटाटा आणि फळे पुन्हा हवीशी वाटतात. त्यात गैर काही नाही आणि उतरवलेले वजन टिकवण्यासाठी कर्बोदके जन्मभर वर्ज्य करावी लागतात, असे मानायलाही आधार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६०९ प्रौढांपैकी काहींनी वर्षभर कमी स्निग्धांशाचा, तर काहींनी कमी कर्बोदकांचा आहार घेतला. वर्षाअखेर दोन्ही गटांची सरासरी घट अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो होती, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर दखल घेण्याजोगा ठरला नाही. साखर, मैद्याचे पदार्थ आणि पाकीटबंद खाणे कमी करून भाज्या भरपूर खाण्याची सूचना मात्र दोन्ही गटांना सारखीच होती.

माझ्या मते घात होतो तो कार्ब्समुळे नव्हे, तर दोन डाएटच्या मधल्या काळात. जुन्या डाएटमधले लोणी, चीज, सुकामेवा आणि सढळ तेल ताटात तसेच राहते, त्यावर नव्या डाएटमधला भात आणि ब्रेड येतो, आणि दोन्ही योजना आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची बेरीज कोणत्याच योजनेत बसत नाही. म्हणून कार्ब्स वाढवायचे ते कशाच्या तरी बदल्यात, हे या सगळ्या प्रक्रियेचे मुख्य सूत्र आहे.

बदलाला हात घालण्यापूर्वी वजन निदान दोन आठवडे एका जागी स्थिर राहू द्यावे आणि त्या काळात आपण प्रत्यक्षात किती खातो याची नोंद ठेवावी. वजन घटत असतानाच नवी पद्धत सुरू केली, तर पुढे दिसणारा चढउतार कशामुळे झाला हे ओळखता येत नाही. शिवाय उतरलेल्या वजनाच्या शरीराची गरज पूर्वीपेक्षा कमी असते, हेही हिशेबात धरावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्या वेळी असलेल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे १० किलो उतरवलेल्या व्यक्तीला दिवसाला २०० ते ३०० कॅलरी कमी पुरतात आणि पोट मात्र जास्तच मागत असते. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (२०११) भुकेशी संबंधित संप्रेरकांमधला बदल वजन घटल्यानंतर वर्ष उलटूनही कायम असल्याचे आढळले. तेव्हा डाएट संपल्यावरही भूक लागत राहिली तर तो मनाचा कमकुवतपणा समजू नये. नवी योजना निवडतानाच तिची तजवीज करावी.

मधुमेह असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. लो-कार्बच्या काळात इन्सुलिनची किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांची मात्रा कमी केली असेल, तर कार्ब्स वाढल्यावर तिचा फेरविचार करावा लागतो, आणि तो स्वतःच्या अंदाजाने करण्याचा विषय नाही. आणखी एक बारकावा असा की, बराच काळ अत्यल्प कार्ब्स खाल्लेल्या निरोगी माणसाचीही ग्लुकोज पिऊन केलेली रक्तचाचणी फसवी, म्हणजे वाढलेली साखर दाखवणारी येऊ शकते. म्हणूनच या चाचणीआधी किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कर्बोदके खावीत, असे सांगितले जाते.

आता प्रत्यक्ष अदलाबदल. एक ग्रॅम कर्बोदकातून ४ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्धांशातून ९. दर आठवड्याला रोजच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम कार्ब्स वाढवायचे ठरवले, तर त्या १२० कॅलरी होतात, आणि तेवढ्याच वजा करण्यासाठी साधारण १३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ काढावे लागतात, म्हणजे मोठा एक चमचा तेल. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर हे एकदा तरी करून पाहावे. रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि शिजलेला भात १०० ग्रॅम भरेपर्यंत वाढावा. त्यात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. दीडशे ग्रॅमचा उकडलेला बटाटा किंवा मध्यम आकाराचे एक केळे यांतूनही साधारण तेवढीच मिळतात. भांड्यातली ती रास पाहून बहुतेकांना दोनपैकी एक धक्का बसतो: एवढाच का, किंवा एवढा चालतो का. दोन्ही धक्के उपयोगाचे आहेत, कारण त्यानंतर नजरेचा अंदाज पुष्कळच सुधारतो आणि काटा रोज काढावा लागत नाही.

दिवसाला ४० ग्रॅम कार्ब्स खाणारी व्यक्ती या वेगाने चार आठवड्यांत १६० ग्रॅमपर्यंत पोहोचते. ॲटकिन्स या प्रसिद्ध लो-कार्ब पद्धतीतही कार्ब्स परत आणण्याचे टप्पे आहेतच. तिथे सुरुवातीच्या २० ग्रॅमनंतर आधी आठवड्याला ५ आणि पुढे १० ग्रॅमची वाढ सांगितली जाते. ज्यांना धीर धरवतो त्यांनी तो वेग खुशाल ठेवावा. मला तो बहुतेकांसाठी अतिसावध वाटतो, कारण इतक्या बारीक मोजणीचा कंटाळा येऊन माणूस एक दिवस सगळेच सोडून देतो. एका आठवड्यात एकच वाढ आणि तीही दिवसाच्या एकाच जेवणात, एवढे पथ्य पुरेसे आहे.

या टप्प्यावर सर्वांत जास्त माणसे घाबरतात ती वजनकाट्याला. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेले कर्बोदक, साठू शकते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. लो-कार्बमध्ये हा साठा बराच रिकामा झालेला असतो; कीटो सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरते त्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. कार्ब्स परत आले की साठा भरतो, पाणी परत येते आणि काही दिवसांतच वजन एक-दोन किलोंनी वाढलेले दिसते. ही चरबी नव्हे. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, आणि रोज १०० ग्रॅम जास्तीच्या भाताने तीन दिवसांत त्या भरणे शक्यच नाही. पहिल्याच आठवड्यात आकडा पाहून घाईने कीटोकडे परतणारा माणूस तेच पाणी पुन्हा घालवतो आणि त्याला यश समजतो. हा झोका वर्षानुवर्षे चालू शकतो.

यावर उपाय म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे, पण निर्णय घ्यायचा तो सात दिवसांच्या सरासरीवर. समजा, सुरुवातीची सरासरी ७२ किलो होती, दुसऱ्या आठवड्यात ती ७३.२ झाली, तिसऱ्यात ७३.५ आणि पाचव्यात ७३.४. इथे पाणी परत येऊन स्थिरावलेले दिसते, म्हणून नवी आधाररेषा ७३.५ किलो धरावी आणि ७२ चा हट्ट सोडून द्यावा. याउलट ७३.२, ७३.७, ७४.१, ७४.६ अशी सरासरी दर आठवड्याला चढतच राहिली, तर अदलाबदल कुठेतरी फसली आहे. अशा वेळी आधी तेल, लोणी आणि सुकामेवा तपासावा. चोर बहुधा तिथेच सापडतो.

कोणते कार्ब्स आणावेत, हा प्रश्न किती आणावेत याइतकाच महत्त्वाचा आहे. सिडनी विद्यापीठात १९९५ मध्ये ३८ पदार्थांनी पोट किती भरते याची तुलना झाली. सारख्याच कॅलरींच्या पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले असता उकडलेल्या बटाट्याला ३२३ आणि क्रोसाँला अवघे ४७ गुण मिळाले. बिचारा बटाटा उगाचच बदनाम आहे; त्याला तळण्याने आणि लोण्याने बिघडवले आहे. आठ युरोपीय देशांतील आणखी एक चाचणी (२०१०) आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे, कारण तिच्यात आधी निदान ८ टक्के वजन उतरवलेली माणसे होती आणि पुढे ते टिकवायचे होते. त्यांना प्रथिने कमी-जास्त आणि ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो याचे माप) कमी-जास्त असे वेगवेगळे आहार दिले गेले. लक्षणीय वजनवाढ झाली ती फक्त प्रथिने कमी आणि निर्देशांक जास्त असलेल्या गटात. थोडक्यात, डाळी आणि कडधान्ये, अखंड धान्ये, बटाटा आणि अख्खी फळे आधी परत आणावीत. फळांचे रस, बिस्किटे आणि गोड पेये शेवटी, किंवा आणूच नयेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते, आणि पहिल्या गटातून कार्ब्स घेतले तर हे प्रमाण फारशी खटपट न करता गाठता येते. फक्त कडधान्ये एकदम वाढवू नयेत, पोट फुगते. पाकिटावर ठळक छापलेल्या ‘नेट कार्ब्स’च्या (एकूण कार्ब्समधून तंतुमय पदार्थ वगैरे वजा करून काढलेल्या) आकड्यावर भिस्त ठेवू नये, त्याऐवजी मागच्या बाजूच्या एकूण कॅलरी वाचाव्यात.

नव्या योजनेची निवड तुलनेने सोपी आहे. मोजमाप आवडणाऱ्याला कॅलरी मोजण्याची किंवा पदार्थांना गुण देऊन ते मोजण्याची पद्धत मानवते. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्याने अर्धे ताट भाज्या, पाव ताट प्रथिने आणि पाव ताट धान्य ही ताटाची विभागणी घ्यावी. भूमध्यसागरी पद्धत कीटोवरून येणाऱ्याला जवळची वाटते, कारण तिच्यात ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा असतोच. मात्र तेच तिचे मोहाचे ठिकाणही आहे. आठवड्यातून एक दिवस वाटेल ते खाण्याची सूट देणाऱ्या योजना मला पसंत नाहीत. त्यात कार्ब्स हा चोरून खाण्याचा पदार्थ होतो, आणि इथे तर ते रोजच्या जेवणात आणायचे आहेत.

जुन्या डाएटमधल्या दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा पुढे न्याव्यात. पहिली प्रथिने, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम, मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा डॉक्टरांनी ठरवावा. दुसरी हालचाल. अमेरिकेत १९९४ पासून किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. तिच्यातील लोक सरासरी दिवसाला सुमारे तासभर व्यायाम करतात आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. कार्ब्स परत आल्याचा एक लाभ इथे मिळतो: जोराच्या व्यायामाला लागणारे इंधन स्नायूंत पुन्हा असते, म्हणून धान्याचे किंवा बटाट्याचे जेवण शक्यतो व्यायामाच्या आसपास ठेवावे.

शेवटी, माघारीची रेषा आधीच ठरवून लिहून ठेवावी. नव्या आधाररेषेच्या दोन किलो वर सात दिवसांची सरासरी सलग दोन आठवडे राहिली, तर एकच टप्पा मागे जावे, म्हणजे रोजचे ३० ग्रॅम कार्ब्स कमी करावेत आणि त्यांच्या जागी तेल-लोणी परत न आणता तीन-चार आठवडे तसेच राहावे. सरासरी खाली आली की तोच टप्पा पुन्हा चढून पाहावा. दुसऱ्यांदाही तिथेच वजन वाढू लागले, तर त्याच्या आधीचा टप्पा हे आपले रोजचे प्रमाण समजावे, मग ते १३० ग्रॅम असो वा १६०.