भरती-ओहोटीचा तास: प्रोजेक्टर लावण्याआधीची तयारी

प्रोजेक्टरची किल्ली मागायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा: तास संपताना मुलांना काय सांगता आलं पाहिजे? सातवीच्या भूगोलातल्या भरती-ओहोटीसाठी माझं वाक्य ठरलेलं आहे. आजच्या भरतीपेक्षा उद्याची भरती साधारण 50 मिनिटं उशिरा का येते, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगायचं. हे ठरलं की साधनाची निवड निम्मी उरकते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असल्याची आकृती खडूने फळ्यावरच काढा, कारण ती मुलांसमोर हळूहळू तयार होते. चंद्राचं रोजचं सरकणं मात्र फळ्यावर दिसत नाही. पडदा हवा तो तेवढ्यासाठी, आणि तोही पाच मिनिटं. वीस मिनिटांचा व्हिडिओ लावला तर वर्ग शांत बसतो, पण त्या शांततेत कोणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही.

साधन शोधताना सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर स्कॅन करून साहित्य बघा, आणि आवडलं तर शाळेत जाण्याआधीच उतरवून ठेवा. या पाठासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते स्टेलॅरियम, म्हणजे हव्या त्या ठिकाणचं आणि वेळेचं आकाश पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे. ठिकाण मुंबई ठेवा, अमावास्येनंतरची तिसरी-चौथी संध्याकाळ निवडा, वेळ सातची. मग वेळ तीच ठेवून तारीख एकेक दिवस पुढे न्या. चंद्र रोज थोडा पूर्वेकडे सरकलेला दिसतो. इथे थांबा आणि विचारा, ‘पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करून पुन्हा चंद्रासमोर यायला आज किती जास्त फिरावं लागेल?’ चंद्र जेवढा सरकला तेवढं पृथ्वीला जास्त फिरावं लागतं आणि त्यालाच ती 50 मिनिटं लागतात, पण हे उत्तर लगेच सांगू नका. मुलांना आपसात बोलू द्या.

आकडे आपल्याच समुद्राचे घ्या. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्याशिवाय सलग आठवड्याचं मुंबईचं भरतीचं वेळापत्रक कागदावर छापून दोघांत एक असं वाटा. दिवसात बहुधा दोन भरत्या येतात, त्यामुळे मुलं आजची सकाळची भरती उद्याच्या संध्याकाळच्या भरतीशी ताडून बघतात आणि गोंधळतात. सकाळची सकाळशीच ताडायची, हे आधी सांगा. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते हे वर्गात कोणी ना कोणी पाहिलेलं असतंच, त्याला बोलू द्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी मोठी भरतीही होती. समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही, पाणी उपसून समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रं त्यासाठीच लागतात. मुलांच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी आहेत. पाठ आणि घर इथे जोडले जातात, म्हणून या भागाला वेळ कमी पडू देऊ नका.

आता यंत्रांचं. आदल्या दिवशी त्याच वर्गात, त्याच वेळेला चाचणी घ्या, कारण सकाळी दिसणारं चित्र दुपारच्या उन्हात पुसट होतं. शेवटच्या बाकावर बसून अक्षरं वाचून बघा. पडदे नसतील तर खिडकीला काळा कार्डशीट लावा. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायच्या एचडीएमआय आणि व्हीजीए, दोन्ही प्रकारच्या वायरी जवळ असू द्या. एक्स्टेन्शन बोर्डची वायर मुलांच्या पायात येता कामा नये. मराठी स्लाइड युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की भलतीच अक्षरं येतात. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा धरू नका: सगळं पेनड्राइव्हवर, आणि सूर्य, पृथ्वी, चंद्र हातानेच दाखवायला टॉर्च व दोन चेंडू टेबलाच्या खणात.

मुलांकडून नाव, फोटो किंवा फोन नंबर मागणारं अ‍ॅप वापरणार असाल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ज्या अ‍ॅपला मुलांची माहिती लागतच नाही, ते निवडणं उत्तम.

गृहपाठ फोनवर देऊ नका. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर ड्युटीवर जातो. वेळापत्रकाचा कागद घरी न्यायला सांगा, रविवारची भरती किती वाजता ते त्यात बघून जमेल त्याने दादर किंवा गिरगाव चौपाटीवर घरच्यांबरोबर पाणी कुठवर येतं ते पाहावं.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीसाठी राखून ठेवा. एकच प्रश्न: ‘उद्या भरती उशिरा का?’ नावाची गरज नाही. चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये वाचा. निम्म्यांनी नुसतंच ‘चंद्रामुळे’ लिहिलं असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लावू नका, खणातला टॉर्च आणि चेंडू काढा आणि एका मुलाला चंद्र करून वर्गात फिरवा.